मातींतील पाहुणा

तापवून निववलेल्या दुधाला विरजण लावावें, आणि सकाळीं घट्ट दहीं तयार व्हावें, हा अनुभव घरोघरचा आहे. पण तेंच विरजण परभणीकडील काळ्या रानांत ओतलें तर? दूध हें रिकामें घर. मातींत मात्र चिमटीचिमटींत कोट्यवधि जंतु आधींच बिऱ्हाड थाटून बसलेले असतात. नव्या पाहुण्यास तेथें ना अन्न, ना जागा. आणि त्याला गिळावयास टपलेले सूक्ष्म जीव निराळेच!

परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ निघालें. आज त्यास वसंतराव नाईक यांचें नांव आहे. अशा विद्यापीठांच्या शिकवणीमुळें तूर व सोयाबीन पेरणारा शेतकरी बियाण्यास रायझोबियम नांवाचे जंतु चोळतो. ते मुळांवर गांठी धरवून हवेंतील नत्र पिकास देतात. हे जंतु निसर्गांतलेच, फक्त निवडून वाढविलेले. ते जगावे हीच त्याची इच्छा. पुडकें उन्हांत राहिलें कीं पैसा फुकट गेला.

परंतु ज्यांच्या जनुकांत मनुष्यानें मुद्दाम फेरफार केला आहे, अशा जंतूंविषयीं प्रश्न अगदीं उलटा होतो. काम उरकल्यावर ते मरतील ना? भारतांत १९८९ च्या नियमांप्रमाणें असले जंतु परवानगीवांचून मोकळे सोडतां येत नाहींत. म्हणून आधीं प्रयोगशाळेंत परीक्षा.

परीक्षा तशी साधी आहे. कांचेच्या बरण्यांत माती भरावयाची; कांहींतील माती वाफेनें निर्जंतुक केलेली, कांहींतील जशीच्या तशी. पाहुण्या जंतूंस ओळखीची खूण म्हणून विशिष्ट औषध पचविण्याची शक्ति दिलेली असते. ठराविक दिवसांनीं एक ग्रॅम माती पाण्यांत कालवून, दहा दहा पटींनीं पातळ करून, तें औषध मिसळलेल्या पोषक थरावर पसरतात. बहुतेक स्थानिक जंतु मरतात, पाहुण्यांचे ठिपके उमटतात, ते मोजावयाचे. निर्जंतुक मातींत पाहुणा सुखानें नांदतो. जिवंत मातींत त्याची संख्या बहुधा घसरत जाते.

पण ठिपका दिसला नाहीं म्हणजे जंतु मेलाच, असें नव्हे. उपासमारीनें निपचित पडलेला जंतु जिवंत असूनही थरावर वाढत नाहीं. म्हणून आतां मातींतील जनुकच शोधतात. तेथेंही तें मेलेल्याचें कीं जिवंताचें, ही शंका उरतेच! शिवाय तें शेजारच्या जंतूस मिळालें नसेल कशावरून? अमेरिकेंत ओक रिज येथें १९९६ सालीं प्रकाशणारे जंतु मातींत सोडले. संख्या उतरत गेली, तरी सहाशेंहून अधिक दिवसांनींही ते सांपडत होते.

तेथील माती वेगळी, आपली वेगळी. काळ्या मातीच्या चिकण कणांतील बारीक पोकळ्यांत जंतूंस शिकाऱ्यांपासून आसरा मिळतो. तर वैशाखांत तीच माती भेगाळून कोरडी ठणठणीत होते. परक्या मातीचे आंकडे येथें लावणें आम्हांस मान्य नाहीं. बरणींत परभणीचीच माती हवी, तीही आधीं वैशाखासारखी वाळविलेली, मग मृगासारखी भिजविलेली. आणि मोजणी दोन्ही वेळां.