ताऱ्यांच्या घरी डोकावणारी हबल

नागभीडच्या डोक्यावरून हबल दुर्बीण अधूनमधून जाते. तिची कक्षा विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंशांचा कोन करते आणि नागभीड आहे सुमारे साडेवीस अक्षांशावर. म्हणून बहुतेक युरोपातून जी दिसतच नाही, ती घोडाझरी तलावाच्या पाळीवरून दिवेलागणीनंतर नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. पश्चिमेकडून आलेला, न लुकलुकणारा ठिपका काही मिनिटं सरकतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की विझतो. एप्रिल 2022 मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, रॉकेटचं धातूचं कडं पडलं तेव्हा अवकाशातल्या यंत्रांची धास्ती वाटली होती. हबलची ओळख मात्र कौतुकाने करून घ्यावी.

तिने पाहिलेली ही एक घटना: 17 ऑगस्ट 2017, भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं. लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांत शंभरेक सेकंद गुरुत्वीय लहरी उमटल्या, त्यानंतर पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. सूर्याहून जड, पण जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंद असे दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते. सुमारे अकरा तासांनी चिलीतल्या एक मीटरच्या दुर्बिणीला ती जागा सापडली: 13 कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी 4993 ही दीर्घिका. मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाला दक्षिणेकडे, चित्रेच्या खाली, ती अर्ध्या आकाशावर असते. पण साध्या डोळ्यांना दिसत नाही.

22 ऑगस्टला हबल तिकडे वळली. सहा दिवसांत त्या टकरीचा प्रकाश मंदावत गेला. निळसर उजेड झपाट्याने लालसर होत गेल्याचं जगभरच्या दुर्बिणींनी टिपलं होतं. सोन्या-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं तिथे घडत असल्याची ती खूण. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटीनेही पुढे या स्फोटाच्या रेडिओ लहरी टिपल्या.

मला मात्र खरं मोल वाटतं ते हबलने टिपलेल्या त्यांच्या घराचं, म्हणजे त्या दीर्घिकेचं. घर पाहिल्याशिवाय माणूस कळत नाही, तसंच या ताऱ्यांचं. छायाचित्रात मऊ उजेडाचा गोळा दिसतो, मध्यभागी धुळीच्या काळपट रेघा, भोवती पुसट कवचं. कवचं सांगतात की या दीर्घिकेने पूर्वी एक लहान दीर्घिका गिळली. नवे तारे तिथे जवळजवळ जन्मतच नाहीत. म्हणजे ही जोडी जुनीच असणार. गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा गमावत, तसूतसू जवळ येत, बहुधा अब्जावधी वर्षं ती फिरत राहिली. 2019 मध्ये हबलने तीच जागा पुन्हा खोलवर न्याहाळली, तेव्हा तिथे ताऱ्यांचा दाट गुच्छही आढळला नाही. ही जोडी गर्दीत जुळलेली नव्हती, असंच त्यावरून दिसतं.

7 मार्च 2023 च्या अशाच स्फोटाची गोष्ट उलटी. तिथे जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची खूण दिसली आणि घर सापडलं ते तब्बल 1 लाख 20 हजार प्रकाशवर्षं दूर. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जन्मवेळच्या धक्क्यानेच ती जोडी घराबाहेर फेकली गेली असावी.

पहिल्या घटनेत लहरींवरून शोधाची जागा 28 चौरस अंशांवर आली होती. तेवढ्या पट्ट्यात सव्वाशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला मंजूर झालेली लायगो-इंडिया वेधशाळा अशी जागा आणखी नेमकी सांगू शकेल. ते काम लवकर व्हायला हवं. कारण हबल जून 2024 पासून दिशा सांभाळणाऱ्या एकाच जायरोस्कोपवर चालते आहे आणि पूर्वीइतक्या चपळाईने तिला वळता येत नाही.