‘१२०२’ म्हणजे काय?

चंद्राच्या जमिनीपासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर असताना ‘ईगल’ यानातील संगणकाच्या फळीवर पिवळसर दिवा लागला. तारीख २० जुलै १९६९. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. नील आर्मस्ट्राँग यांनी ‘प्रोग्राम अलार्म’ एवढेच ह्यूस्टनला कळवले. बझ ऑल्ड्रिन यांनी कळा दाबून संगणकाला कारण विचारले, तेव्हा आकडा आला : १२०२. त्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक नव्हता. इंजिन सुरू होते, यान खाली जात होते आणि उतरायचे की माघारी फिरायचे, हे ठरवायला वेळ नव्हता.

पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. पण त्या काही सेकंदांत माणूस आणि यंत्र यांच्यात जे बोलणे झाले, ते आज रुग्णालयात आणि आपल्या घरातही उपयोगी पडण्यासारखे आहे.

आधी त्या संगणकाशी ओळख करून घेऊ. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत तो तयार झाला. वजन सुमारे ३२ किलो. कायमस्वरूपी स्मृती ३६ हजारांवर शब्दांची आणि काम करताना लिहिण्या-पुसण्यासाठी जागा अवघी २,०४८ शब्दांची. तुमच्या मोबाइलने काढलेला एक फोटोही त्यात मावणार नाही. माउस नाही, चित्रे नाहीत, अक्षरांचा कळफलकही नाही. होत्या फक्त १९ कळा, तेवढ्याही हातमोजे घालून दाबता येतील अशा मोठ्या. वर आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडक्या आणि बाजूला इशाऱ्याचे दिवे. या फळीला अंतराळवीर ‘डिस्की’ म्हणत.

बोलायची भाषा मात्र शाळेतल्या व्याकरणासारखी होती. एक कळ क्रियापदाची, एक नामाची. क्रियापद १६ म्हणजे ‘दाखवत राहा’, नाम ३६ म्हणजे ‘संगणकाच्या घड्याळातील वेळ’. क्रियापद-एक-सहा, नाम-तीन-सहा आणि शेवटी ‘एंटर’ : सात कळा दाबल्या की वेळ दिसू लागे. क्रियापद ०६ दिले तर तीच वेळ एकदाच दिसे. आपण मराठीत ‘वेळ दाखव’ म्हणतो. तिथे इंग्रजीच्या वळणाने आधी ‘दाखव’, मग ‘वेळ’.

संगणकालाही प्रश्न विचारता येत असे. क्रियापद आणि नामाचे आकडे लुकलुकू लागले की समजायचे, आता उत्तर आपण द्यायचे आहे. मुख्य इंजिन पेटण्याच्या पाच सेकंद आधी क्रियापद ९९ लुकलुके. अंतराळवीराने ‘पुढे चल’ ही कळ दाबली तरच इंजिन पेटे. गणित यंत्राचे, संमती माणसाची. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्र घेणाऱ्या आम्हा डॉक्टरांना ही पद्धत लगेच पटावी.

पण माणूस चुकला तर? यानाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन यांची लहान मुलगी लॉरेन एकदा प्रयोगशाळेतील नकली यानाच्या कळांशी खेळत होती. ‘उड्डाण’ चालू असताना तिने उड्डाणपूर्व तयारीचा ०१ क्रमांकाचा प्रोग्राम सुरू केला आणि सगळे कोलमडले. प्रत्यक्षात असे घडू नये म्हणून सॉफ्टवेअरमध्येच अटकाव घालावा, असे हॅमिल्टन यांनी सुचवले. उत्तर मिळाले, अंतराळवीर प्रशिक्षित आहेत, ते अशी चूक करणार नाहीत. डिसेंबर १९६८ मध्ये ‘अपोलो ८’ चंद्राकडून परतत असताना जिम लॉव्हेल यांच्याकडून नेमके तेच झाले. त्यांना ०१ क्रमांकाचा तारा निवडायचा होता, निवडला गेला ०१ प्रोग्राम. यान अवकाशात कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ही माहिती संगणकाच्या स्मृतीतून पुसली गेली. लॉव्हेल यांना पुन्हा तारे पाहून ती भरावी लागली. प्रशिक्षणाने चुका कमी होतात, नाहीशा होत नाहीत. रात्रपाळीच्या शेवटच्या तासात काम केलेल्या कुणालाही हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा १२०२ कडे. त्याचा अर्थ होता, ‘हातात घेतलेली कामे माझ्या आवाक्याबाहेर गेली आहेत.’ उतरताना गरज नसलेल्या एका रडारकडून संगणकाकडे निरर्थक विद्युतस्पंद येत होते. ते मोजण्यातच त्याचा सुमारे १३ ते १५ टक्के वेळ जात होता. त्यात ऑल्ड्रिन यांनी उंचीविषयीची माहिती दाखवत राहायला सांगितले की भार आणखी वाढे. हे त्यांच्याच लक्षात आले. मग ह्यूस्टनने सांगितले, तो आकडा आम्ही इथून पाहतो.

त्या चिमुकल्या संगणकाचा मोठेपणा इथे दिसतो. तो गोठून बसला नाही. क्षणात पुन्हा सुरू होऊन त्याने महत्त्वाची कामे, म्हणजे यानाची दिशा आणि इंजिनाचे नियंत्रण, हाती धरली आणि दुय्यम कामे सोडून दिली. कोणते काम आधी आणि कोणते सोडले तरी चालेल, याची क्रमवारी त्यात आधीच घातलेली होती. अपघात विभागात एकाच वेळी दहा रुग्ण आले की आम्ही हेच करतो. श्वास अडकलेला आधी, खरचटलेला नंतर.

आणि जमिनीवर? जुलैच्या सुरुवातीला झालेल्या सरावात असाच एक अलार्म मुद्दाम दिला गेला होता. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स यांनी तेव्हा मोहीम रद्द करायला सांगितली आणि ती चूक ठरली. त्यानंतर प्रत्येक अलार्मचा अर्थ शोधण्यात आला. जॅक गार्मन या २४ वर्षांच्या अभियंत्याने त्याची हस्तलिखित यादी करून आपल्या टेबलावरच्या पारदर्शक फळीखाली ठेवली. १२०२ ऐकताच त्याने यादी पाहिली : अलार्म सतत वाजत नसेल आणि बाकी सारे ठीक असेल, तर पुढे जा. बेल्स यांनी होकार दिला. अलार्म वाजल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत उत्तर यानात पोहोचले होते.

उतरतानाच्या क्षणी आर्मस्ट्राँग यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १५० पडत होते. विश्रांतीत निरोगी प्रौढाचे ते ६० ते १०० असतात. शरीरात ॲड्रिनॅलिन असे उसळलेले असताना माणसाला नवा विचार करणे जड जाते. आधी करून ठेवलेला विचार मात्र आठवतो किंवा कागदावरून वाचता येतो.

आमच्या अतिदक्षता विभागातले मॉनिटर त्या संगणकाच्या कितीतरी पुढचे आहेत, पण ते सतत वाजतात. बोटावरची क्लिप घसरली, छातीवरची पट्टी सुटली, रुग्ण कुशीवर वळला, की वाजले. पुष्कळदा धोका नसतो. मग ऐकणाऱ्याचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरा धोका त्या गोंगाटात बुडण्याची भीती असते. वैद्यकशास्त्रात याला ‘अलार्म फटीग’ म्हणतात आणि रुग्णसुरक्षेचा तो गंभीर प्रश्न मानला जातो. यंत्र किती बोलते, यापेक्षा त्याच्या बोलण्यावर कुणी काय करायचे हे ठरले आहे की नाही, हे महत्त्वाचे.

म्हणून नातेवाइकांना दोन गोष्टी सांगतो. रुग्णाजवळचा मॉनिटर किंवा सलाइनचा पंप वाजला तर आवाज बंद करणारे बटण स्वतः दाबू नका, सिस्टरना बोलवा. त्याच वेळी आकड्यांवर डोळे लावून घाबरूनही बसू नका. रुग्णाकडे पाहा. तो बोलतो आहे का, श्वास नीट चालला आहे का, ते सिस्टरना सांगा.

घरातल्या यंत्रांचेही तसेच. साखर मोजण्याच्या यंत्रावर ‘हाय’ अशी अक्षरे आली, तर ते तुम्हाला नमस्कार करत नसते. साखर त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेली आहे, बहुतेक यंत्रांत ५०० किंवा ६०० च्या वर, असा त्याचा अर्थ. हात धुऊन, पुसून पुन्हा तपासा आणि तेच आले तर लगेच दवाखाना गाठा. ‘लो’ आले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली आहे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर आधी साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्या.

डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना जरूर विचारा : या यंत्रावर कोणता आकडा आला तर काही करायचे नाही, कोणता आला तर फोन करायचा आणि कोणता आला तर निघायचे? उत्तरे मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, खाली फोन नंबर लिहा आणि तो कागद यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवा. घरातल्या सगळ्यांना तो एकदा वाचून दाखवा. रात्री दोन वाजता यंत्र वाजेल तेव्हा जागा असलेला माणूस कोण असेल, हे आज सांगता येत नाही.