अक्षरपेटीची मांडणी : ध्वनी, लिपी आणि शुद्धलेखन यांच्या अध्यापनसाहित्याचा विचार

दुसरीच्या वर्गात शिक्षकाने ‘पाणी’ हा शब्द सांगितला आणि तीन मुलांनी तो तीन प्रकारे लिहिला, असे समजू. एकाने ‘पणी’ लिहिले, दुसऱ्याने ‘पानी’, तिसऱ्याने ‘पाणि’. वह्या तपासताना तिन्ही शब्दांखाली सारखीच तांबडी रेघ ओढली जाते आणि तिन्ही मुलांना सारखेच काम मिळते : शब्द दहा वेळा लिहून आणणे. परंतु या तीन चुका एका जातीच्या नाहीत. पहिल्या मुलाला ‘प’ आणि ‘पा’ यांतील स्वराचा भेद कानाने टिपता आलेला नाही, किंवा टिपूनही तो कान्याने दाखवावयाचा हे त्याच्या हाताला ठाऊक नाही. दुसऱ्याने शिक्षकाचा शब्द आपल्या बोलीत ऐकला. त्याच्या घरी ‘पानी’ असेच म्हणतात आणि जे म्हणतात ते त्याने बिनचूक लिहिले आहे. तिसऱ्याची ध्वनीची जाण शाबूत आहे. मात्र शब्दाच्या शेवटी येणारा इकार मराठीत दीर्घ लिहावयाचा, हा संकेत त्याला कोणी दाखवलेला नाही.

वर्गातील अक्षरपट्ट्या, शब्दपट्ट्या व चित्रे कपाटात कशी लावावीत, हा प्रश्न वरवर पाहता टापटिपीचा वाटतो. वस्तुतः तो निदानाचा प्रश्न आहे. साहित्य ज्या तत्त्वाने लावलेले असते, त्याच तत्त्वाने शिक्षक मुलाची चूक ओळखतो. सर्व पट्ट्या एका सुतळीने बांधून एकाच खणात ठेवलेल्या असतील, तर सर्व चुकांवर उपायही एकच निघतो. वर सांगितलेल्या तीन चुकांसाठी कपाटात तीन कप्पे असावेत, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे. ते का व कसे, याचा विचार पुढे केला आहे.

१. मोजमापाचा प्रश्न

इंग्रजी वाचनशिक्षणात सुट्या वर्णाचा सुटा ध्वनी शिकवून त्यांची जुळणी करण्याची पद्धत रूढ आहे. ती पद्धत व तिचे साहित्य जसेच्या तसे उचलून देवनागरीला लावता येत नाही. रोमन लिपीत चिन्हे एकापुढे एक येतात. देवनागरीत लेखनाचा घटक ‘अक्षर’ हा आहे. त्यात व्यंजन व स्वर एकत्र नांदतात आणि स्वराचे चिन्ह व्यंजनाच्या उजवीकडे, डावीकडे, वर किंवा खाली बसते.

यातून साहित्यनिर्मितीपुढे एक साधा हिशेब उभा राहतो. ‘क’पासून ‘ळ’पर्यंत व्यंजने ३४. प्रत्येकाची बाराखडी लिहिली, तर ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ अक्षरे होतात; जोडाक्षरे निराळीच. इतक्या पट्ट्या केल्या तर वर्गाला त्या सांभाळवत नाहीत आणि मुलाला प्रत्येक अक्षर म्हणजे एक नवे चित्र वाटते. उलट ३४ व्यंजने आणि डझनभर स्वरचिन्हे वेगळी ठेवली, तर पन्नासाच्या आत काम भागते. शिवाय ‘का’, ‘मा’, ‘ना’ यांत समान काय आहे हे मुलाच्या हाताला कळते. पाठ म्हटलेल्या बाराखडीतून हे कळेलच असे नाही. बाराखडी घडाघड म्हणणारे मूल मधलेच ‘मू’ दाखवल्यावर ‘म, मा, मि, मी’ असे पुटपुटत तेथवर येते, हा अनुभव प्राथमिक शिक्षकांना नवा नाही.

अक्षरलिपीच्या या विस्तारामुळे ती आत्मसात होण्यास अवधी लागतो. कन्नड मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरांचे ज्ञान पहिल्या एकदोन इयत्तांत पुरे होत नाही, ते त्यापुढेही चालू राहते, असे दिसून आले. मराठीची लिपीव्यवस्था त्याच कुळातली आहे. तेव्हा पहिलीअखेर ‘अक्षरओळख संपली’ असे धरून पट्ट्या माळ्यावर टाकणे शास्त्राला धरून नाही.

२. साठवणीचा क्रम आणि शिकवणीचा क्रम

आपली वर्णमाला उच्चारस्थानांवरून रचलेली आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य हा तिचा क्रम ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने नमुनेदार आहे; परंतु तो ध्वनी जाणणाऱ्यासाठी आहे. या रचनेत उच्चाराने जवळची अक्षरे शेजारी बसतात : क-ख, ट-ठ, द-ध. जाणत्याला ही सोय वाटते. नवशिक्याला मात्र जी अक्षरे एकमेकांपासून लांब ठेवावयाची, तीच एका आठवड्यात भेटतात. म्हणून दोन क्रम वेगळे मानले पाहिजेत.

साठवणीचा क्रम वर्णमालेचा असावा, कारण तो शिक्षकाच्या हाताला पाठ असतो. पाच वर्गांच्या पाच ओळी, आणि य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ यांच्या दोन ओळी अशा सात ओळींत प्रत्येकी पाच खण केले की ३५ खण होतात. चौतीस व्यंजनांना चौतीस, आणि उरलेला पस्तिसावा क्ष व ज्ञ यांना. रिकाम्या काडेपेट्या चिकटवूनही अशी पेटी तयार होते. ‘काका’, ‘मामा’ असे शब्द जुळवावयाचे तर एका अक्षराच्या निदान चार प्रती हव्यात.

शिकवणीचा क्रम मात्र गटांचा असावा. गट निवडताना तीन कसोट्या लावाव्यात : अक्षरे रूपाने व उच्चाराने परस्परांहून ठळकपणे भिन्न असावीत, त्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द लगेच तयार व्हावेत, आणि निदान एक स्वरचिन्ह पहिल्याच गटात असावे. उदाहरणार्थ क, म, न, ल ही चार व्यंजने, काना आणि दुसरी वेलांटी एवढ्यावर काम, कान, नाक, मान, लाल, मला, कमल, काका, काकी, मामा, मामी हे अकरा शब्द होतात. सहा चिन्हांत मूल वाचू लागते, ही गोष्ट लहान नव्हे. घ-ध, म-भ, ब-व या रूपसदृश जोड्या भिन्न गटांत टाकाव्यात. अक्षरगटांनी वाचन शिकवण्याचा विचार महाराष्ट्रात नवा नाही; फलटण येथे डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी केलेले काम या संदर्भात अभ्यासण्याजोगे आहे. प्रत्येक गटाची पिशवी वेगळी करावी. धडा संपल्यावर पट्ट्या पिशवीतून पुन्हा वर्णमालेच्या खणांत जाव्यात. हे परत लावण्याचे काम मुलांनीच करावे. ‘ट’चा खण ‘ठ’च्या शेजारी आहे, हे त्यांना तेव्हा आपोआप उमगते.

३. पहिला कप्पा : ध्वनी आणि चिन्ह

‘पणी’ लिहिणाऱ्या मुलाचा हा कप्पा. रोममध्ये १९०७ साली सुरू झालेल्या मॉन्टेसरीबाईंच्या बालगृहातील सुटी अक्षरे आपल्याकडे बालशिक्षणाच्या चळवळीबरोबर आली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साहित्य उभे केले. महागड्या साहित्यावाचून अडत नाही, हा त्या कामाचा धडा येथेही लागू आहे.

सुट्या अक्षरांची मराठीत एक अडचण होते. ‘कि’ म्हणताना मुलाला आधी ‘क्’ व मग ‘इ’ ऐकू येते. लिहिताना मात्र पहिली वेलांटी आधी येते. पुठ्ठ्याचे तुकडे शेजारी ठेवून ही विसंगती सुटत नाही. यास्तव स्वरचिन्हे पारदर्शक पट्टीवर काढावीत. मूल प्रथम ‘क’ ठेवते आणि त्यावर वेलांटीची पट्टी पांघरते. हाताचा क्रम कानाप्रमाणे राहतो आणि दिसणारे रूप लिपीप्रमाणे होते. ‘रु’, ‘रू’, ‘हृ’ यांसारखी रूपे या रीतीने बनत नाहीत. त्यांच्या अखंड पट्ट्या वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात.

याच कप्प्यात एका चिन्हाच्या अनेक ध्वनींची चित्रे असावीत. ‘चमचा’तील च दंततालव्य, ‘चिमणी’तील तालव्य, आणि ‘चमचा’चे ‘चमचे’ होताच शेवटचा च तालव्य होतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ ही जगण्याची आज्ञा, लेखन एक, उच्चार दोन. ‘गंगा’, ‘संत’, ‘पंप’ यांत अनुस्वाराचे टिंब तेच, पण ध्वनी निराळे. येथे मुलाला नियम सांगावयाचा नसतो. चित्रे दोन ढिगांत लावावयास सांगावे, कान आपले काम करतो.

जोडाक्षरांत ‘र’ला स्वतंत्र पाकीट द्यावे. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’, ‘दुसऱ्या’ या चार शब्दांत त्याची चार रूपे आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, ‘आचार्याला’ व ‘आचाऱ्याला’, अशा जोड्या चित्रांसह ठेवल्या, तर हा भेद केवळ वळणाचा नसून अर्थाचा आहे हे पटते.

४. दुसरा कप्पा : घरची बोली

‘पानी’ लिहिणाऱ्या मुलाला पहिल्या कप्प्याकडे पाठवणे म्हणजे निरोग्याला औषध देणे होय. तसे वारंवार झाले, तर ते आपल्या कानावरचा विश्वास गमावते, आणि ज्याचा कानावर विश्वास नाही त्याला ध्वनीवरून लिहिणे कधीच साधत नाही. या कप्प्यात चित्रपट्ट्या असाव्यात व त्यांच्या मागे दोन ओळी : वर ‘आम्ही म्हणतो’, खाली ‘पुस्तकात लिहितात’. वरची ओळ मुलांकडून ऐकून शिक्षकाने भरावी. म्हणून हा कप्पा तयार विकत मिळणार नाही. प्रत्येक गावी तो निराळाच होईल. त्यात ण-न, ळ-ल यांच्या पट्ट्या बहुधा आधी जमतील. वरची ओळ खोडण्यासाठी नाही, हे शिक्षकाने आपल्या वागण्यातून दाखवले पाहिजे.

५. तिसरा कप्पा : संकेत

‘पाणि’ लिहिणाऱ्या मुलाला ‘नीट ऐक’ असे सांगणे व्यर्थ आहे. ‘दिन’ व ‘दीन’ पुष्कळांच्या बोलण्यात सारखेच उच्चारले जातात. येथे कान साक्ष देत नाही, डोळ्यांना सवय लावावी लागते. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम शासनाने १९६२ साली मान्य केले व १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. या अठरा नियमांचा तक्ता भिंतीवर लावण्याने मूल शुद्ध लिहू लागत नाही. नियम शब्दांच्या मांडणीतून दिसला पाहिजे.

त्यासाठी शब्दपट्ट्या विषयवार, म्हणजे फळे, फुले, पक्षी अशा न लावता आकृतिबंधानुसार लावाव्यात. एका पाकिटात मूल-मुले, फूल-फुले, वीट-विटा, सून-सुना, बहीण-बहिणी. अशा आठदहा जोड्या मांडल्या की मूलच म्हणते : शेवटी ‘अ’ असला की आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ, शेवट दीर्घ झाला की आधीचा ऱ्हस्व. दुसऱ्या पाकिटात पाणी, पाटी, वस्तू, गुरू असे दीर्घान्त शब्द. तिसऱ्यात नियमाबाहेरचे : आणि, परंतु, तथापि, तसेच गुण, विष, सुख हे तत्सम शब्द. अपवादांचे पाकीट नियमाचे पाकीट पक्के झाल्याखेरीज उघडू नये. जुन्या शाळांतील साहित्यात ‘गांव’, ‘नांव’ अशा अनुच्चारित अनुस्वाराच्या पट्ट्या आढळतात. १९६२ च्या नियमांनंतरच्या वर्गात त्या मिसळू देऊ नयेत. तसेच ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना २००९ च्या शासननिर्णयाने वर्णमालेत स्थान मिळाले आहे; ‘बॅट’, ‘डॉक्टर’ हे शब्द मुलाच्या तोंडी असताना त्यांच्या चिन्हांचा खण रिकामा नसावा.

६. नोंद आणि संशोधनाची दिशा

तीन कप्प्यांना जोडणारा दुवा म्हणजे शिक्षकाची नोंदवही. प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने असावेत आणि आठवड्यातून एकदा श्रुतलेखनातील चुका त्यांत वाटाव्यात. एखादी चूक कोणत्या रकान्यात घालावी याचा संशय आला, तर मुलाला तो शब्द नुसता बोलावयास सांगावा. ते ‘पानी’ म्हणाले तर दुसरा रकाना; ‘पाणी’ म्हणूनही ‘पणी’ लिहिले तर पहिला. एवढी चाचणी पुरते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे कामाचे क्षेत्र मोकळे आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन-लेखन यावे असे ध्येय ठेवले. त्या ध्येयाची मोजणी किती शब्द शुद्ध आले यावर थांबली, तर चुकांच्या जाती झाकलेल्याच राहतील. एकाच वर्गाच्या वर्षभराच्या वह्या घेऊन तीन रकान्यांतील प्रमाण कसे बदलत जाते, बोलीभेदाच्या चुका कोणत्या प्रदेशात कोणत्या अक्षरांवर एकवटतात, पारदर्शक पट्टीने वेलांटीच्या चुका कमी होतात काय, या प्रश्नांना मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. काळजीपूर्वक वाचलेल्या वह्या पुरेत.

दहा वेळा ‘पाणी’ लिहून आणणाऱ्या तीन मुलांपैकी तिसऱ्याला त्याचा थोडा उपयोग होईल. पहिला नक्कल करील आणि उद्या ‘नाणी’ऐवजी ‘नणी’ लिहील. दुसरा, आपल्या घरात बोलतात ते चूक असते, एवढेच शिकेल. कपाटातील तीन कप्प्यांचे प्रयोजन या तीन मुलांना वेगळे ओळखण्यात आहे.