विसाव्याचें बेट : एका पडद्यावरील खेळाचे गुणदोष

‘खेळ’ हा शब्द कानीं पडतांच चढाओढ, हारजीत आणि शेवटीं टाळ्यांचा कडकडाट असें चित्र आपल्यापुढें उभें राहतें. परंतु खेळाची दुसरीहि एक जात फार जुनी आहे. भातुकली मांडून बसलेल्या मुलांस ‘तुमच्यांत जिंकलें कोण ?’ असें कोणी विचारीत नाहीं. कारण तेथें जिंकावयाचें नसतेंच, संसार मांडावयाचा असतो. लटक्या चुलीवर लटका भात शिजतो, पाहुणे येतात, बाहुलीचें लग्न लागतें, आणि दिवेलागणीला हांक आली कीं सारें आवरून ठेवावयाचें असतें. अलीकडे पडद्यावरील खेळांतहि ही भातुकलीची जात अवतरली आहे. तिच्यांतील एका फार गाजलेल्या खेळाचा, म्हणजे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ याचा, परिचय कित्येक विद्यार्थ्यांस असेल, पालकांस मात्र त्याचें बहुधा नांवच ऐकून ठाऊक असेल. दोघांनींहि एकत्र बसून वाचावें या हेतूनें त्याचे गुणदोष येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहूं. जपानांतील निन्टेंडो या खेळ बनविणाऱ्या कंपनींत कात्सुया एगुची नांवाचे गृहस्थ नोकरीस लागले. हे मूळचे तोकियोजवळील चिबा प्रांतांतले. नोकरीनिमित्त ते दूर क्योतो शहरीं आले आणि घरचीं माणसें व मित्र मागें राहिले. त्या एकटेपणांतूनच या खेळाची कल्पना सुचली, असें त्यांनीं पुढें स्वतःच सांगितलें आहे. शेजारीपाजारी, गप्पागोष्टी, पत्रें आणि लहानसहान देवघेव यांनीं भरलेलें एक गांव त्यांनीं कल्पिलें, व १४ एप्रिल २००१ रोजीं ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे ‘प्राण्यांचें अरण्य’, हा पहिला खेळ जपानांत प्रसिद्ध झाला. त्यांत एकाच गांवांत चार खेळाडूंचीं घरें असत. कुटुंबांतील चौघांनीं आपापल्या सवडीनें खेळावें, एकमेकांसाठीं पत्रें व भेटी ठेवाव्यात, आणि वेळ जुळली नाहीं तरी सहवास घडावा, अशी ती योजना होती. पुढें २००५, २००८ व २०१२ या सालीं त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. २० मार्च २०२० रोजीं आलेला ‘न्यू होरायझन्स’ हा या मुख्य मालेंतील पांचवा खेळ होय. त्याच्या दिग्दर्शिका आया क्योगोकु या आहेत.

आतां खेळाचें स्वरूप पाहूं. टॉम नूक नांवाचा एक तानुकी, म्हणजे कुत्र्याच्या कुळांतील जपानी प्राणी, आपणांस एका निर्जन बेटावर वस्ती करण्यास घेऊन येतो. राहण्यास प्रथम एक तंबू मिळतो आणि त्याबरोबर प्रवासखर्चाचें ४९,८०० नाण्यांचें देणेंहि डोक्यावर बसतें. या नाण्यास ‘बेल’, अर्थात् घंटा, असें नांव आहे. मग मासे धरावेत, फळें तोडावींत, शिंपले वेंचावेत, लांकडें जमवून खुर्चीटेबल करावें, तंबूचें घर करावें, आणि हळूहळू येणाऱ्या प्राणी-रहिवाशांस शेजारी करून घ्यावें, एवढाच येथला उद्योग. रहिवाशांची संख्या दहापर्यंत जाते. येथें शत्रु नाहीं, मरण नाहीं, आणि ‘खेळ संपला’ अशी पाटीहि कोठें येत नाहीं.

या खेळाचा पहिला गुण म्हणजे त्याचें घड्याळ. बेटावरील वेळ आपल्या घरांतील वेळेप्रमाणेंच चालते. सकाळीं तेथें सकाळ, रात्रीं तेथें रात्र. दुकान सकाळीं ८ वाजतां उघडतें व रात्रीं १० वाजतां बंद होतें. आज पुलासाठीं पैसे पुरे केले तर पूल उद्यां तयार होतो. तांतडी करून कांहीं उपयोग नाहीं. उत्तर गोलार्ध कीं दक्षिण गोलार्ध, हें आरंभींच निवडावयाचें असतें, आणि त्याप्रमाणें ऋतु पालटतात. घाईची संवय झालेल्या मनास ‘उद्यां’ हा शब्द शिकविणारा खेळ विरळाच. कांहीं खेळाडू यंत्रांतील तारीख पुढें सरकवून ही वाट पाहणें चुकवितात. त्यांस वस्तू लौकर मिळतात हें खरें. परंतु ज्या विसाव्यासाठीं खेळ हातीं घेतला, तो मात्र हातचा जातो.

दुसरा गुण कर्जासंबंधींचा. घर वाढवावयाचें तर दर वेळीं नवें कर्ज काढावें लागतें. पहिलें ९८,००० चें, शेवटचें २४,९८,००० चें. सर्व मिळून रक्कम ५६,९६,००० बेल इतकी होते. पण या कर्जास व्याज नाहीं, मुदत नाहीं आणि दारीं जप्ती आणणारा कारकूनहि नाहीं. जेव्हां जमेल तेव्हां फेडावें. ऋण म्हणजे काय, तें थोडें थोडें करून कसें उतरवावें आणि फिटल्यावर मनास कसें हलकें वाटतें, याचा अनुभव मुलांस येथें मिळतो. मात्र एक इशारा पालकांनीं अवश्य द्यावा : खऱ्या जगांत असा बिनव्याजी व बिनमुदतीचा सावकार भेटत नसतो.

तिसरा गुण सलगमाच्या बाजाराचा. दर रविवारीं सकाळीं एक लहानशी डुकरीण बेटावर सलगम विकावयास येते. भाव ९० ते ११० च्या दरम्यान असतो. पुढील सहा दिवस दुकानांत तोच माल विकतां येतो. तेथें भाव दिवसांतून दोनदां बदलतो, कधीं ६०० च्या घरांत चढतो तर कधीं खरेदीच्या निम्म्यावरहि येतो. पुढल्या रविवारपर्यंत माल विकला गेला नाहीं तर तो नासतो. जपानी भाषेंत सलगमास ‘काबु’ म्हणतात आणि कंपनीच्या भागांसहि ‘काबु’च म्हणतात, या शब्दश्लेषांतूनच हा विनोद निघाला आहे. लोभ कोठें आवरावा, याचा हा धडा स्वस्तांत पदरीं पडतो.

चौथा आणि आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे तेथील संग्रहालय. ब्लेदर्स नांवाचें एक विद्वान् घुबड त्याची व्यवस्था पाहतें. त्यास स्वतःस किड्यांची शिसारी आहे, तरी प्रत्येक किड्याची माहिती तें मन लावून सांगतें. ८० जातींचे मासे, ८० जातींचे कीटक, जुलै २०२० मध्यें जोडलेले समुद्रतळींचे ४० जीव आणि जीवाश्मांचे ७३ नग येथें जमवितां येतात. प्रत्येकाचा ऋतु व वेळ ठरलेली असते. सीलाकँथ हा मासा पावसांत किंवा बर्फ पडत असतांनाच गळास लागतो. हा मासा कोट्यवधि वर्षांपूर्वीं नामशेष झाला असें शास्त्रज्ञ समजत होते, आणि १९३८ सालीं तो दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ जिवंत सांपडला. एवढी एक गोष्ट जिज्ञासू मुलाला ग्रंथालयाकडे वळविण्यास पुरेशी आहे. रेड नांवाचा कोल्हा तेथें प्रसिद्ध चित्रें विकतो, पण त्यांत खोटीं मिसळतो. उदाहरणार्थ, मोना लिसाच्या खोट्या प्रतींत भिंवया उंचावलेल्या दिसतात. खरें चित्र डोळ्यांखालीं घातल्याशिवाय खोटें ओळखतां येत नाहीं, म्हणजे खेळासाठीं का होईना, कला पाहावी लागते. २०२० सालीं अमेरिकेंतील माँटेरे बे मत्स्यालय व शिकागोचें फील्ड म्युझियम येथील जाणकारांनीं या काल्पनिक संग्रहालयाची सहल काढून तेथील प्राण्यांची माहिती लोकांस सांगितली होती, यावरून त्याची योग्यता कळेल.

हा खेळ निघाला तो काळहि लक्षांत घेतला पाहिजे. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथीमुळें देशोदेशींचीं दारें बंद झालीं. आपल्या देशांत २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. त्या दिवसांत ज्यांस खऱ्या अंगणांत भेटतां येत नव्हतें ते बेटावरच्या अंगणांत भेटले. कोणी तेथें वाढदिवस केले, कोणी लग्नसमारंभहि उरकले. पहिल्या बारा दिवसांतच १ कोटी १७ लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि पुढें हा आंकडा ४ कोटींच्याहि पलीकडे गेला.

येथवर गुण झाले. आतां दोषांकडे वळूं.

लहान दोष प्रथम सांगतों. हत्यारें फार लौकर मोडतात. आरंभींची साधी गळाची काठी १० वेळां कामास आली कीं तुटते. फार काय, सोन्याचें हत्यारहि मोडल्यावांचून राहत नाहीं. शेजाऱ्यांचें बोलणें पहिल्या महिन्यांत गोड लागतें, पण पुढें तींच वाक्यें फिरून कानीं येतात. दूरच्या मित्राच्या बेटावर जावयाचें तर वेगळी वर्गणी भरावी लागते, आणि नवा पाहुणा उतरतांना आधीं आलेल्या सर्वांस हातांतलें काम टाकून थांबावें लागतें. मागील आवृत्तींतील कांहीं गोष्टी, उदाहरणार्थ कॉफीचें दुकान, या खेळांत प्रथम नव्हत्याच. त्या नोव्हेंबर २०२१ मध्यें जोडल्या गेल्या.

मोठे दोष दोन आहेत. पहिला असा कीं, एका यंत्रावर एकच बेट वसवितां येतें. घरांत तीन भावंडें असलीं तरी बेट एकच, आणि जो प्रथम खेळ सुरू करील तोच त्या बेटाचा प्रमुख. पूल कोठें बांधावा, इमारत कोठें हलवावी, हें तोच ठरवितो. इतरांनीं घर बांधून राहावें, पण कारभारांत बोलूं नये. एकाच पडद्यावर चौघे मिळून खेळूं शकतात, परंतु त्या वेळींहि एक पुढारी आणि बाकीचे अनुयायी. अनुयायांस आपली पिशवीसुद्धां उघडतां येत नाहीं. कुटुंबांतील चौघांचा सहवास घडावा म्हणून जो खेळ जन्मास आला, त्याच्याच पांचव्या पिढींत धाकट्या भावंडाच्या वांट्यास कुळाची स्थिति यावी, ही खेदाची गोष्ट आहे. घरोघरीं यावरून तंटे होणें स्वाभाविक आहे.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, कारण तो गुणाच्या वेषांत येतो. बेट सजवून तीन तारे मिळविले, म्हणजे के. के. स्लायडर हा गवयी कुत्रा येऊन गातो. आणि त्यानंतर खेळाडूस नदीचा ओघ वळविण्याची व टेकड्या रचण्याची किंवा पाडण्याची शक्ति मिळते. याहून मोठें सुख तें कोणतें, असें प्रथम वाटतें. पण मागील खेळांशीं तुलना करून पाहावी. २०१२ च्या आवृत्तींत नवा शेजारी वाटेल तेथें घर बांधी. कधीं तें आपल्या फुलबागेवरहि येई. दुर्लक्ष केलें तर एखादा जिवलग शेजारी न विचारतां गांव सोडून जाई. पहिल्या खेळांत तर कांहीं शेजारी चक्क फटकळ असत, आणि खेळ न नोंदतां यंत्र बंद केल्यास रेसेटी नांवाचा चिचुंदरसारखा प्राणी जमिनींतून वर येऊन खरपूस कानउघाडणी करी. ‘न्यू होरायझन्स’मध्यें खेळ आपोआप नोंदला जातो, म्हणून रेसेटीचें तें काम सुटलें, शेजाऱ्यांच्या जागा आपण आंखून देतों, आणि आपल्या संमतीवांचून कोणी बेट सोडीत नाहीं. सर्वत्र सोय झाली, पण शेजाऱ्याचें शेजारीपण उणें झालें. पूर्वी आपण गांवांत नवखे होतों आणि गांवाशीं जुळवून घेत होतों. आतां गांवच आपल्याशीं जुळवून घेतें. ज्याच्या इच्छेस वाव नाहीं तो शेजारी नव्हे, तें अंगणांत मांडलेलें शोभेचें चित्र होय. पुष्कळ खेळाडूंस बेट पूर्ण सजल्यानंतर तें सुनें वाटूं लागतें, याचें मूळ आमच्या मतें येथें आहे.

अशा खेळानें मनास लाभ होतो कीं हानि, हा पालकांचा नेहमींचा प्रश्न. ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं नोव्हेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत या खेळाचाहि समावेश होता. खेळाडूंच्या सांगण्यावर न विसंबतां कंपनीकडील नोंदींवरून त्यांनीं खेळाचा वेळ मोजला, व अधिक खेळणाऱ्यांचें मनःस्वास्थ्य किंचित् अधिक चांगलें आढळलें. तथापि यावरून खेळामुळेंच स्वास्थ्य वाढलें असें सिद्ध होत नाहीं. स्वस्थ मनाचीं माणसें अधिक खेळत असतील, असेंहि संभवतें. म्हणून या पाहणीचा आधार घेऊन रात्र जागविणें योग्य नव्हे, आणि खेळ म्हणजे विष असें म्हणणेंहि योग्य नव्हे.

आमची सूचना साधी आहे. या खेळाची रचनाच दररोज थोडा वेळ खेळण्यासाठीं झालेली आहे; दिवसाचें काम अर्ध्या-पाऊण तासांत आटोपतें. तेवढ्यावर थांबणारास तो विसावा देतो, ओढून-ताणून लांबविणारास तो कंटाळा देतो. पालकांनीं बेटाचा प्रमुख कोण व्हावा हें खेळ सुरू होण्यापूर्वींच भावंडांत ठरवून द्यावें, आणि पूल कोठें बांधावा हें सर्वांनीं मिळून ठरविण्याचा नियम घालावा. यंत्रानें न दिलेला हक्क मोठ्या भावंडानें आपण होऊन धाकट्यास दिला, तर खेळांतील उणीव घरांत भरून निघेल. आणि विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत धरावें कीं, आपल्या मनाप्रमाणें हलणारें बेट विश्रांतीपुरतें गोड असतें; जन्म काढावयाचा तो मात्र जेथें शेजारी न विचारतां येतात, रागावतात आणि तरीहि आपले होतात, त्या गांवांत.