हिमोफिलियातील दुखणे : आधी रक्त थांबवा

मुलाचा गुडघा दुखू लागला की आपल्याकडे काही उपाय ठरलेले असतात. तेल लावून चोळायचे, गरम विटेने शेकायचे, दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्यायची. बहुतेक मुलांचे यात फारसे बिघडत नाही. पण हिमोफिलिया असलेल्या मुलाला हे चारही उपाय अपाय करू शकतात. असे का, हे समजले की या आजारातल्या वेदनेवर काय करावे हेही समजते.

आधी रक्त कसे थांबते ते पाहू. रक्तवाहिनीला इजा झाली की रक्तातल्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट, त्या जागी चिकटतात आणि भोक तात्पुरते बुजवतात. हा झाला मातीच्या पोत्यांचा बंधारा. मग रक्तद्रवातील काही प्रथिने एकामागून एक कामाला लागतात आणि शेवटी फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाते. हा पक्का बंधारा. या प्रथिनांना क्रमांक दिलेले आहेत. आठवा घटक कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. रुग्ण आणि डॉक्टर या घटकांना ‘फॅक्टर’ असेच म्हणतात.

म्हणजे हिमोफिलियात पोत्यांचा बंधारा पडतो, पक्का मात्र होत नाही. त्यामुळे रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहत राहते. बोटाला कापले तर दाबून धरल्यावर ते सहसा थांबते. खरा धोका आतल्या, न दिसणाऱ्या रक्तस्रावाचा असतो.

या दोन्ही घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाला एकच एक्स गुणसूत्र मिळते, म्हणून हा आजार मुख्यतः मुलांमध्ये दिसतो. साधारण ५,००० मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए असतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो. तेव्हा ‘आमच्या घरात असे कुणाला नाही’ एवढ्यावरून निदान टाळता येत नाही.

आता दुखण्याकडे वळू. गंभीर रक्तस्रावांपैकी ७० ते ८० टक्के सांध्यांत होतात. त्यातही गुडघा, कोपर आणि घोटा यांत जास्त. सांधा ही बंद पिशवी आहे. तिच्यात रक्त साचू लागले की दाब वाढतो, आतले अस्तर ताणले जाते आणि वेदना सुरू होते. सुरुवातीला फक्त मुंग्या आल्यासारखे किंवा आत काहीतरी भरल्यासारखे वाटते. सूज नंतर दिसते. पुढे साचलेल्या रक्तातले लोह अस्तरात शोषले जाते, अस्तर सुजते, जाड होते, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या पुन्हा सहज फाटतात. एकाच सांध्यात असे वारंवार झाले की कूर्चा झिजते आणि तरुणपणीच सांधा आखडतो.

म्हणून हिमोफिलियात नवे दुखणे म्हणजे बहुधा चालू असलेला रक्तस्राव. केवळ वेदना दाबली आणि रक्त चालूच राहिले, तर सांध्याची हानी होतच राहते.

शिवाय वेदना दाबणारी काही औषधे रक्तस्राव वाढवतात. ॲस्पिरिन नेमके काय करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. त्या संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे सूज आणि वेदना वाढते. ती तयार करणारे विकर ॲस्पिरिन बंद पाडते. पण बिंबिकांना एकमेकींना चिकटण्यासाठी लागणारे द्रव्यही याच विकरामुळे बनते. बिंबिकांना केंद्रक नसते, त्यामुळे बंद पडलेले विकर त्या नव्याने बनवू शकत नाहीत. बिंबिकेचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे; ॲस्पिरिनच्या एका गोळीचा परिणाम जवळजवळ तितके दिवस राहतो. ज्याचा पक्का बंधारा मुळातच नाही, त्याची पोतीही आपण काढून घेतो! आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांचा परिणाम तात्पुरता असतो, पण तेवढा वेळही महागात पडू शकतो. शिवाय या औषधांनी जठरातून रक्तस्राव होण्याचीही भीती असते.

रशियाचा युवराज अलेक्सेई याचा जन्म १९०४ चा. त्याला हिमोफिलिया बी होता, हे २००९ साली त्याच्या अवशेषांतील डीएनएवरून सिद्ध झाले. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते. रासपुतिनने डॉक्टरांची औषधे दूर ठेवायला लावली म्हणूनच मुलाला आराम पडत असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

मग करायचे काय? पहिला उपचार म्हणजे कमी असलेला घटक शिरेतून देणे, आणि तो शक्य तितक्या लवकर देणे. रक्त थांबले की दाब वाढायचा थांबतो आणि दुखणेही उतरू लागते. त्याबरोबर सांध्याला विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, हलका दाब देणारी पट्टी आणि हातपाय उंचावर ठेवणे. वेदनेसाठी पहिले औषध पॅरासिटामॉल. तेही सांगितलेल्या मात्रेतच, कारण जास्त झाल्यास ते यकृताला बाधते. त्याने भागले नाही तर सेलेकॉक्सिबसारखे निवडक औषध किंवा ट्रॅमाडॉल द्यायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. दुकानातली गोळी घेताना नावावर न जाता घटक वाचावेत. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असते.

स्नायूत टोचायची सुई कटाक्षाने टाळावी. तिच्यामुळे स्नायूतच रक्त साचते. त्यात सुईमध्ये डायक्लोफिनॅक असेल तर अपाय दुहेरी. चोळण्याने आणि शेकण्यानेही ताजा रक्तस्राव वाढू शकतो.

मोठ्या वयाच्या रुग्णांत दुसऱ्या प्रकारचे दुखणे असते. ते झिजलेल्या सांध्याचे. सकाळी सांधा आखडतो, थोडे हिंडल्यावर मोकळा होतो. त्याला दर वेळी फॅक्टर लागत नाही. सांध्याभोवतीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि फिजिओथेरपी लागते. रक्तस्रावाचे दुखणे मात्र हालचालीने वाढत जाते. मांडीच्या मुळाशी किंवा पोटात खाली दुखते आणि पाय सरळ करता येत नाही, हे कमरेच्या खोल स्नायूतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. ते अपेंडिक्ससारखे वाटते, म्हणून हिमोफिलिया आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

समजा, उमरीच्या शाळेतल्या एका मुलाला हा आजार आहे. सकाळच्या तासाला तो म्हणतो, ‘सर, घोटा दुखतोय.’ घोटा पाहिला तर सूज नाही. इथे शिक्षकाने काय ठरवले यावर बरेच अवलंबून असते. सूज येईपर्यंत थांबले आणि मग मुदखेडमार्गे नांदेड गाठायचे म्हटले, तर अर्धा दिवस गेलाच. म्हणून अशा मुलाच्या आजाराचा प्रकार, रक्तगट, चालणारी व न चालणारी औषधे आणि पालकांचा दूरध्वनी यांचा कागद शाळेत असावा. फॅक्टर कुठे व कोणत्या वेळी मिळतो, हे पालकांनी विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात आधीच विचारून ठेवावे. डोक्याला मार लागला तर दुखो वा न दुखो, लगेच निघावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. आईबहिणी वाहक आहेत का, याची तपासणी मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. रक्तस्राव होऊच नये म्हणून नियमित फॅक्टर घेण्याची पद्धत आहे. हिमोफिलिया एसाठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचे औषधही आले आहे. मात्र चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी ते नाही.

हे सगळे उपचार वेळेवर व्हायचे तर सुरुवात मुलाच्या शब्दापासून होते. अनेक रुग्णांना रक्तस्राव सुरू झाल्याचे इतरांच्या आधी कळते. कवायत चुकवण्याचा बहाणा समजून आपण त्याला रांगेत उभे केले, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. वर्गात हिमोफिलिया असलेला मुलगा ‘दुखतंय’ म्हणाला, तर त्या क्षणापासून घड्याळ सुरू झाले असे समजावे.