छातीतील जळजळ आणि पेशींची सुई

सुरतेच्या उधना-लिंबायत भागात यंत्रमागांवर राबणाऱ्या खानदेशी बांधवांना रात्रपाळी, अवेळी जेवण आणि छातीतील जळजळ परिचित आहेत. जठराच्या तोंडाशी असलेले स्नायूंचे कडे सैल पडले की आम्ल अन्ननलिकेत चढते. औषधांनी बहुतेकांस उतार पडतो. काहींस पडत नाही. अशांना कोणी मूळपेशींची सुई सुचविल्यास, वाचकहो, थांबा! जपानी वैद्यांनी रुग्णाच्याच तोंडातील पेशींचे पापुद्रे वाढवून अन्ननलिकेतील जखमांवर लाविले, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. पण त्या जखमा कर्करोगाची गाठ काढल्यानंतरच्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१७ चे नियम सांगतात की, असा असिद्ध उपचार केवळ मान्य चाचणीतच करावा आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत. म्हणून शेत गहाण टाकण्यापूर्वी दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी आणि शस्त्रक्रियेविषयी डॉक्टरांस विचारावे. आशा अवश्य धरावी, पण ती विकत घेऊ नये, असे आम्हांस वाटते.