पॅकेट निघाले, पोचले का?

एकाच डेटाबेसच्या प्रती चार शहरांत ठेवायच्या म्हटल्या, की चर्चा रंगते ती एका नोंदीवर दोन्हीकडून बदल झाला तर खरे कोणाचे मानायचे, यावर. बदल या गावाहून त्या गावाला नेणार कोण, हे नेटवर्कवाले बघून घेतील, असे म्हणून पुढे जायचे ही जुनी रीत. गेल्या चाळीस वर्षांचा हिशोब मांडला तर माझ्या मते खरी रात्रपाळी या दुसऱ्या प्रश्नानेच करायला लावली.

सुरुवात झेरॉक्सपासून करावी लागते. 1980 च्या दशकात त्यांच्या अंतर्गत जाळ्यात काहीशे इथरनेट होते, गेटवे आणि कमी-जास्त क्षमतेच्या फोनलाइनींनी जोडलेले. जपानहून युरोपला निघालेल्या पॅकेटला वाटेत 14 गेटवे आणि 7 फोनलाइनी लागू शकत. या जाळ्यावर क्लिअरिंगहाउस नावाची नावा-पत्त्यांची यादी होती आणि तिच्या काही भागांच्या प्रती शेकडो ठिकाणी होत्या. एका ठिकाणी बदल झाला, की तो मेलने बाकीच्यांना पाठवायचा, असा सरळ मामला. पण मेल रांगेत थांबायची. रांग तुंबली किंवा पलीकडचे यंत्र फार दिवस बंद राहिले तर टाकूनही दिली जायची. त्यात प्रती नेमक्या कुठे कुठे आहेत हेच पाठवणाऱ्याला नेहमी ठाऊक नसे.

म्हणून मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात प्रत्येक सर्व्हरने कुठलाही दुसरा गाठून यादी ताडून पाहायची, अशी सोय केली. तिथवर ठीक होते. पण ताडताना फरक सापडला, की बरोबर नोंद पुन्हा सगळ्यांना मेल करायची, असे एक शेपूट तिला जोडलेले होते. 300 ठिकाणी प्रती असलेल्या यादीत सगळीकडेच फरक निघाले, तर एका रात्रीत 90,000 मेल! ते शेपूट कापावेच लागले. तरी ताडण्याचाच बोजा उरला. जोडीदार कुठलाही निवडायचा म्हटल्यावर इंग्लंडमधल्या बुशीला जाणाऱ्या मोजक्या लाइनींवर गर्दी उसळे. अ‍ॅलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी 1987 च्या निबंधात हिशोब दिला आहे: सरासरी लाइनीवर एका फेरीत सहाच्या आत संवाद, तर बुशीच्या लाइनीवर 75 च्या वर. जवळचा जोडीदार जास्त वेळा आणि लांबचा क्वचित निवडला, तर हा भार एकदम उतरतो, हे त्यांनी दाखवले. साइट जोडताना आपण आज जी किंमत आणि वेळापत्रक भरतो, त्यामागचा विचार हाच.

लोटस नोट्सने 1989 पासून हीच कल्पना मोडेमवरून कचेऱ्यांत नेली. आमच्या पिढीच्या वाट्याला आले ते क्लिअरकेस मल्टिसाइट. सोर्स कोडच्या भांडाराची एक प्रत अमेरिकेत, एक पुण्यात किंवा बंगळुरात. कोणाचे खरे, हा वाद तिथे आधीच मिटवलेला होता: एका ब्रँचची मालकी एका वेळी एकाच प्रतीकडे. राहिली वाहतूक. निर्यात केली की 'आउटगोइंग' डिरेक्टरीत पॅकेट पडे आणि शेजारी ते कुठे न्यायचे हे सांगणारी छोटी ऑर्डर फाइल. शिपिंग सर्व्हर ती वाचून पॅकेट पुढच्या यंत्राला देई. थेट रस्ता नसेल, तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'रूट'ची ओळ लिहून मधल्या यंत्रामार्फत पाठवायचे. पलीकडचे यंत्र बंद दिसले तर अर्धा तास त्याच्या वाटेला जायचे नाही, 14 दिवसांत पोचले नाही तर पॅकेट परत आणि अ‍ॅडमिनला मेल, हे ठरीव आकडे. फायरवॉलवाल्यांशी हुज्जत घालून 371 क्रमांकाचे पोर्ट आणि वरचा पोर्टांचा एक पट्टा उघडून घ्यावा लागे. पट्टा कमाल-किमान लिहून आखून दिला नाही, तर ते उघडत नसत, आणि त्यांचे चुकत नव्हते.

खरी मेख वेगळीच होती. निर्यात होताच पाठवणारी प्रत आपल्या तक्त्यात लिहून मोकळी होई, की पलीकडच्याला इथपर्यंतचे मिळाले. पॅकेट वाटेत हरवले तरी तक्त्यातला आकडा पुढेच. मग नंतरची पॅकेटे सुखरूप पोचत, पण मधले बदल नाहीत म्हणून आयात होत नसत आणि 'इनकमिंग'मध्ये ढीग साचे. उपाय असा, की पलीकडच्या अ‍ॅडमिनला त्याच्याकडचे खरे आकडे विचारायचे, आपला तक्ता मागे फिरवायचा आणि निर्यात पुन्हा करायची. थेट जोडणी असली तर हे एका कमांडचे काम. नसली तर आकडे मेलवर, नाहीतर फोनवर लिहून घ्या.

विंडोज 2000 च्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने हा रोख उलटा केला. तिथे घेणारा सर्व्हर स्वतः विचारतो, की माझ्याकडे इथवर आहे, पुढचे दे. साइटींमध्ये मेलने बदल नेण्याची सोय तिथेही होती, पण त्यासाठी प्रमाणपत्रांचा सगळा व्याप करूनही डोमेनचा मुख्य डेटा त्या वाटेने जात नसे. त्यामुळे कमजोर लाइनीवरही बहुतेकांनी मेल सोडून थेट जोडणीचीच वाट धरली.

मागून घेण्याची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते, पण तिलाही खर्च आहे. घेणारा विचारीपर्यंत देणाऱ्याने साठवून ठेवायचे ते किती? पोस्टग्रेसमध्ये 9.4 पासून, म्हणजे 2014 पासून, रेप्लिकेशन स्लॉट आले. पलीकडची प्रत बंद पडली तर तिच्यासाठीचा लॉग साठत राहतो आणि मुख्य सर्व्हरची डिस्कच भरते. या साठ्याला मर्यादा घालायची सोय 2020 च्या 13 व्या आवृत्तीत आली, पण न सांगता ती मर्यादा लागू होत नाही. तसेच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या पहिल्या साइट लिंकवर पुन्हा विचारण्याचा काळ मुळात 180 मिनिटे असतो. हे दोन्ही आकडे कोणी बदलले आहेत का, ते आपापल्या सर्व्हरवर एकदा पाहून घ्या.